रुसलेली पट्टी आणि ‘हात लावू नये’ची पाटी

शिवणयंत्राचा दोरा वारंवार तुटू लागला, तर घरातील गृहिणी यंत्र अंगणात फेकून देत नाही. ती दोऱ्याची वाट पुन्हा एकदा निरखते, सुई वाकली आहे काय ते पाहते, बॉबिनमधील धागा गुंतला असल्यास सोडवते आणि मगच चाकाला हात घालते. सायकलचे चाक बसले, तर शाळकरी पोरसुद्धा आधी व्हॉल्व्हला थुंकी लावून बुडबुडा येतो काय ते पाहतो. पंक्चरवाल्याची आठवण त्यास नंतर होते. हे शहाणपण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. परंतु हीच माणसे संगणकासमोर बसली, की त्यांचा हा सारा विवेक कोठे नाहीसा होतो, हे आम्हांस पडलेले एक कोडे आहे. पडद्याच्या तळाशी जी पट्टी असते, जिला आपण सर्वजण टास्कबार म्हणतो, ती कितीही दाबली तरी दाद देईनाशी झाली, की एक हात माउस आपटू लागतो आणि दुसरा हात भिंतीवरील बटणाकडे जातो.

विषय वरवर पाहता क्षुल्लक आहे. एका पट्टीचा रुसवा, त्यावर वार्षिक अंकाची पाने का खर्चावी, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु लहानशा बिघाडाच्या प्रसंगी माणूस कसा वागतो, यावरूनच त्याच्या शिक्षणाची खोली कळते, असे आमचे प्रांजळ मत आहे. आमच्या शाळेच्या संगणक-कक्षात ‘बिघाड झाल्यास यंत्रास हात लावू नये’ अशी पाटी आहे, आणि अनेक शाळांतून अशाच पाट्या असतात. ही पाटी बदलावी, आणि तिच्या जागी विचारपूर्वक हात लावावयास शिकवणारी दुसरी पाटी यावी, हे आमचे आजचे म्हणणे आहे.

प्रथम ही पट्टी म्हणजे काय ते पाहू. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ ही प्रणाली बाजारात आली, आणि तिच्याबरोबर ही पट्टी व तिच्या डाव्या टोकाचे ‘स्टार्ट’ बटण जगाच्या परिचयाचे झाले. त्यापूर्वीच्या विंडोजमध्ये लहान केलेली खिडकी पडद्याच्या तळाशी एका चित्राच्या रूपाने जाऊन बसे, आणि तिच्यावर दुसरी खिडकी आली, की ती झाकली जाई. नवख्या माणसास वाटे, आपले काम हरवले. पट्टीने ही अडचण दूर केली. कोणकोणती कामे चालू आहेत, ते एका ओळीत सतत डोळ्यांसमोर राहू लागले. पण या सोयीपायी आपला एक गोड गैरसमज झाला. पट्टी म्हणजेच संगणक, असे आपण समजू लागलो. वस्तुतः पट्टी हे दार आहे, घर नव्हे. दाराची कडी अडकली म्हणून घर कोसळले असे कोणी म्हणत नाही.

ही पट्टी रेखाटण्याचे काम ‘विंडोज एक्स्प्लोरर’ नावाचा एक कार्यक्रम करतो. आपण कागदपत्रांचे फोल्डर उघडतो ते त्याच्याच करवी, आणि पडद्यावरील चित्रांची मांडणीही त्याचीच. तो एखाद्या कामात अडकला, उदाहरणार्थ, जोडणी तुटलेल्या दुसऱ्या संगणकावरील फोल्डरची वाट पाहत बसला, किंवा बाहेरून बसवलेल्या एखाद्या कार्यक्रमाचा जोडभाग त्याच्या पोटात जाऊन अडून बसला, की पट्टीही निश्चल होते. परंतु त्याच वेळी आपण ज्यात निबंध लिहीत असतो, तो लेखनाचा कार्यक्रम स्वतंत्रपणे चालूच असतो. बहुतेकांस ठाऊक नसते ते हेच, आणि नुकसान होते तेही येथेच.

यंदाच्या पावसाळ्यातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय आमचे म्हणणे पटणार नाही. बेळगावजवळच्या एका खेड्यातून शाळेस येणाऱ्या इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीने आपल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून वहीच्या कागदांवर, पाठकोऱ्या पावत्यांवर, मिळेल तेथे उतरून घेतल्या होत्या. एका मोकळ्या तासास काही ओव्या आजी समोर बसल्यासारख्या आठवून तिने थेट संगणकावर लिहिल्या. त्यांचा कागद नव्हता. लेखन आपोआप जतन करण्याची सोय नसलेल्या एका साध्या लेखनपटात ती लिहीत होती. तास संपत आला आणि पट्टी रुसली. शेजारच्या मुलांनी ‘हँग झाला, हँग झाला’ असा गलका केला. यंत्रास हात लावू नये, ही आज्ञा पाळून कोणीतरी यंत्रास हात न लावता भिंतीवरील बटण बंद केले. एकोणीस ओव्या गेल्या. मुलीने घरी जाऊन आजीस पुन्हा विचारले. परंतु ओवी जात्याच्या घरघरीबरोबर येते, मागितली म्हणून येत नाही. एकोणीसांपैकी अकरा ओव्या परत मिळाल्या. आठ अद्याप मिळालेल्या नाहीत.

या प्रसंगी दोष कोणा एका मुलाचा नव्हता. त्या मुलांस जेवढे शिकवले होते, तेवढे त्यांनी केले. पाटीने त्यांस काय करू नये ते सांगितले होते. काय करावे ते सांगितले नव्हते. आणि त्या क्षणी लेखनाची खिडकी पडद्यावर उघडी होती, तिच्यातील रेघ लुकलुकत होती. कंट्रोल आणि एस ही दोन बटणे एकत्र दाबून फाइलला नाव दिले असते, तर सगळ्या ओव्या वाचल्या असत्या. बिघाड पट्टीचा आणि शिक्षा ओव्यांना, असा हा न्याय झाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते याहून काय निराळे?

मग करावे तरी काय? येथे आम्ही थोडे तपशिलात शिरतो. कारण तपशिलावाचून उपदेश म्हणजे साखरेवाचून शिरा.

पहिली गोष्ट पाहणे. हात मांडीवर ठेवून अर्धा मिनिट नुसते पाहावे. माउसचा बाण हलतो काय? उघड्या खिडकीत अक्षर उमटते काय? पट्टीच्या कोपऱ्यातील घड्याळ मनगटावरील घड्याळाशी जुळते काय? ते जर १० वाजून १२ मिनिटांवर थांबले असेल आणि आता १० वाजून २० मिनिटे झाली असतील, तर पट्टी केव्हा अडकली हे आपणांस कळले. त्या वेळी आपण काय करीत होतो, हे आठवणे मग सोपे जाते. कीबोर्डाची तार नीट बसलेली असताना कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा लागतो व विझतो काय, हेही पाहावे. दिवा दाद देत असेल, तर यंत्र जिवंत आहे असे बहुधा समजावे. माउस आपटण्याने यांपैकी काहीच कळत नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याचाच तो प्रकार.

दुसरी गोष्ट आपले काम सुरक्षित करणे. पट्टी चालत नसली तरी ऑल्ट आणि टॅब ही बटणे एकत्र दाबून एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत जाता येते. प्रत्येक खिडकीत जाऊन लेखन जतन करावे. उपायापूर्वी हे झालेच पाहिजे. रोग्यास हलवण्यापूर्वी त्याची जखम बांधतात, तसे. त्यानंतर एखादा मिनिट थांबावे. संगणक जुना असेल, किंवा पाठीमागे एखादे अद्ययावतीकरण चालू असेल, तर पट्टी आपण होऊन शुद्धीवर येते. धीर धरणे हादेखील उपायच आहे.

तिसरी गोष्ट एक्स्प्लोररला नव्याने सुरू करणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. तो तसा उघडला नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून येणाऱ्या पडद्यावरून तो निवडावा. चालू कार्यक्रमांच्या यादीत ‘विंडोज एक्स्प्लोरर’ शोधावे, ती ओळ निवडावी आणि ‘रीस्टार्ट’ दाबावे. पडदा क्षणभर उजाड होतो, पट्टी नाहीशी होते आणि पुन्हा उगवते. घाबरू नये. लेखनाचे कार्यक्रम जागच्या जागी राहतात; फक्त उघडे फोल्डर मिटतात, आणि एखादी फाइल एका जागेवरून दुसरीकडे उतरवली जात असेल, तर ते काम अर्धवट तुटते. म्हणून तसे काही चालू नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे. पट्टी परत उगवलीच नाही, तर त्याच टास्क मॅनेजरमध्ये नवे काम सुरू करण्याची जी जागा असते, तेथे एक्स्प्लोररचे नाव इंग्रजीत लिहून एंटर दाबावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर चौथी गोष्ट, संपूर्ण संगणक नव्याने सुरू करणे. येथे एक मौज आहे, आणि ती अनेक जाणत्यांसही ठाऊक नसते. आपण समजतो, की ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केले म्हणजे सारे कोरे झाले. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची एक सोय प्रणालीत आहे. ती चालू असेल, तर संगणक बंद होताना प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्मृती डिस्कवर लिहून ठेवली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तीच स्मृती उचलून संगणक लवकर उभा राहतो. म्हणजे काल त्या गाभ्यात काही अडकले असेल, तर ते आजही तसेच राहण्याचा संभव असतो. ‘रीस्टार्ट’ केले असता मात्र गाभादेखील पहिल्यापासून उभारला जातो. दिसण्यात ‘शट डाउन’ मोठे आणि ‘रीस्टार्ट’ लहान वाटते. गुणात गोष्ट उलटी आहे. पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरणे, हा अगदी अखेरचा उपाय. बाण हलत नाही, दिवा दाद देत नाही आणि थांबूनही काही घडत नाही, अशा वेळीच तो करावा.

दुखणे पुनःपुन्हा उद्भवत असेल, तर मात्र ते संगणकाच्या शिक्षकांकडे सोपवावे. त्यांनी डिस्क काठोकाठ भरली आहे काय, अलीकडे कोणता नवा कार्यक्रम बसवला, तुटलेली एखादी जोडणी यादीत राहिली आहे काय, हे पाहावे. एक चाचणी फार मार्मिक आहे. त्याच संगणकावर नवे वापरकर्ता-खाते काढावे. त्या खात्यात पट्टी नीट चालली, तर दोष यंत्राचा नसून जुन्या खात्याच्या मांडणीचा आहे, असे मानण्यास आधार मिळतो. तेथेही चालली नाही, तर प्रणालीच्या फाइली तपासून दुरुस्त करणाऱ्या ‘डिझम’ आणि ‘एसएफसी’ या दोन आज्ञा त्याच क्रमाने द्याव्यात. एवढे सर्व होईपर्यंत बाजारातील ‘फॉरमॅट मारू या’ हा सल्ला कानांआड करावा. घरात उंदीर शिरला म्हणून घर जाळण्याचा तो सल्ला आहे. इंटरनेटवर सापडलेली लांबलचक आज्ञा अर्थ न समजता उतरवून घालणे, हेही तितकेच घातक. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरचे औषध आपण घेत नाही.

बिघाड नेहमी आपल्याच घरातला असतो असेही नाही. २ सप्टेंबर २०२१ रोजी विंडोज ११ च्या प्रकाशनपूर्व आवृत्त्या वापरणाऱ्या परीक्षकांची पट्टी एकाएकी ठप्प झाली. त्यांच्या यंत्रांत काहीही मोडले नव्हते. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्व्हरवरून धाडलेल्या एका गोष्टीचा तो परिणाम होता. कंपनीने ती पाठवणी थांबवली आणि ज्यांची पट्टी अडकली होती, त्यांस टास्क मॅनेजरच्या वाटेने द्यावयाची एक आज्ञा प्रसिद्ध केली. त्या दिवशी ज्याने माउस बदलला असेल, त्याने चोर सोडून संन्याशाला सुळी दिले. आणि ज्यास पट्टीखेरीज दुसरी वाट ठाऊक नव्हती, त्यास उपाय हाती येऊनही करता आला नसेल. दोन वाटा ठाऊक असणाऱ्याचे एक दार बंद झाले, तरी तो कोंडला जात नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की मुलांस मोकळीक दिली तर ती यंत्रे बिघडवतील. या भीतीत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये भलतीच ओळ निवडून ती बंद केली, तर न जतन केलेले काम जाऊ शकते. म्हणूनच आम्ही फक्त एका ओळीची परवानगी मागतो. शिवाय मुलांस साधे खाते दिलेले असेल, तर प्रणालीच्या मूळ फाइलींना धक्का लावण्याचा अधिकारच त्या खात्यास नसतो. दुसरा आक्षेप, की यात तासाचा वेळ जातो. वर सांगितलेल्या पहिल्या तीन गोष्टींस पाच मिनिटेही लागत नाहीत. दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्यात मात्र दिवस जातात, आणि तेवढे दिवस एक संगणक कापडाखाली झाकून राहतो. तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो आम्हांस सोळा आणे मान्य आहे. जळका वास, ठिणगी, ओला हात, फुगलेली बॅटरी किंवा यंत्राचे झाकण उघडणे, येथे ‘हात लावू नये’ हेच खरे, आणि ते ठळक अक्षरांत लिहावे. परंतु विजेचा धोका आणि पट्टीचा रुसवा यांस एकच नियम लावणे म्हणजे सर्व पाण्यास पूर समजणे होय.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते, ती भाषेची. आमच्या सीमाभागातील मूल घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड ऐकते आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी वाचते. या तीन भाषांच्या गर्दीत बिघाडास त्याच्यापाशी एकच शब्द उरतो, ‘हँग’. बाण थांबला तरी हँग, पट्टी थांबली तरी हँग, इंटरनेट गेले तरी हँग. वैद्याकडे जाऊन ‘बरे नाही’ एवढेच सांगणाऱ्या रोग्यास कोणते औषध द्यावे? आता हेच वाक्य पाहा: ‘बाण हलतो, लेखनाची खिडकी चालू आहे, पण पट्टीवर दाबले असता काहीच उघडत नाही, आणि तिचे घड्याळ १० वाजून १२ मिनिटांवर थांबले आहे.’ हे साधे मराठी वाक्य आहे. आणि अर्धे निदान त्यातच होऊन गेले. जो नेमके सांगू शकतो, तो नेमके पाहू लागतो. मातृभाषेतून शिकण्याचा लाभ परीक्षेच्या गुणांत मोजला जातो. आम्ही तो अशा वाक्यांत मोजू. शब्द मराठीच हवेत असा आमचा हट्ट नाही. टास्कबार खुशाल टास्कबार राहो. परंतु त्याच्याभोवतीचा विचार आपल्या भाषेत पूर्ण वाक्याने व्हावा.

तेव्हा आमची सूचना अशी. संगणक-कक्षातील पाटीवर यापुढे चार ओळी असाव्यात: ‘आधी पाहा. मग काम जतन करा. मग एक्स्प्लोरर नव्याने सुरू करा. तरीही न जमल्यास शिक्षकांस पूर्ण वाक्यात सांगा.’ तिच्याखाली, वीज व झाकण यांस हात लावू नये, ही ताकीद असावी. प्रत्येक संगणकाजवळ दोऱ्याने बांधलेली एक नोंदवही असावी. तीत तारीख, वेळ, काय दिसले, काय केले आणि काय झाले, एवढे मुलांनी लिहावे. वर्षअखेर ती वही चाळली, की कोणते यंत्र कोणत्या कारणाने वारंवार अडते, हे आपोआप दिसेल. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत मदत संपली आहे. जुनी यंत्रे ठेवावीत की बदलावीत, असा प्रश्न शाळांपुढे आहेच. तो निर्णयही अशा वहीच्या आधाराने अधिक डोळसपणे घेता येईल.

पालकांसही आमची एक विनंती आहे. घरचा संगणक अडला, तर मुलास दटावून बाजूला सारू नका, आणि लगेच दुकानाची वाटही धरू नका. ‘काय दिसते ते सांग’ एवढेच त्यास विचारा व ते सांगेपर्यंत थांबा. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकी पुष्कळजण पुढे यंत्रांच्या संगतीतच आयुष्य काढणार आहात. ती यंत्रे आजच्याहून शहाणी असतील आणि त्यांचे रुसवेही निराळे असतील. त्या वेळी आज सांगितलेली बटणे कदाचित उपयोगी पडणार नाहीत. परंतु आधी पाहावे, मोलाचे ते वाचवावे, लहान उपायापासून आरंभ करावा आणि केले ते लिहून ठेवावे, ही रीत कोणत्याही यंत्रापाशी जुनी होणार नाही. त्या आठ ओव्या मिळाल्या तर पुढील अंकात छापण्यासाठी आम्ही जागा राखून ठेवीत आहोत. ज्यांच्या घरी जाते आहे आणि ओवी गाणारी आजी आहे, त्यांनी या सुटीत तिच्याजवळ बसावे. आणि लिहिताना दर ओवीनंतर कंट्रोल व एस दाबावयास विसरू नये.